आंब्याच्या गाडीवरची पुडी: रत्नागिरी जिल्ह्यातलं एमडीच्या व्यसनाचं एक प्रकरण

ओळख पटू नये म्हणून नाव, गाव आणि काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

सुहास, वय २७, अविवाहित. वडील नाहीत, घरी आई, थोरली बहीण त्याच गावात दिलेली. व्यवसाय पिकअप चालवणे. दिवाळीनंतर चिरे आणि सिमेंट, पावसाळ्यात जवळपास काही नाही, आणि फेब्रुवारीअखेर ते मे गावातल्या व्यापाऱ्याच्या हापूसच्या पेट्या वाशीच्या फळबाजारात पोचवणे. वर्षाची निम्म्याहून जास्त कमाई याच तीन महिन्यांत होते.

संध्याकाळी पेट्या भरायच्या, सव्वातीनशे किलोमीटर आणि परशुराम, भोस्ते, कशेडी असे तीन घाट पार करून पहाटे बाजार सुरू व्हायच्या आत वाशीला लावायच्या. दुपारपर्यंत रिकामी गाडी घेऊन परत. एप्रिलमध्ये आठवड्याला पाच फेऱ्या, झोप सीटवर तीन-चार तास. चहा आणि माव्यावर हे दोन हंगाम निभलं. नंतर वाशीला दुसऱ्या एका ड्रायव्हरने चिमूटभर एमडी दिलं. एमडी म्हणजे मेफेड्रोन, नाकाने ओढायची पांढरी, उत्तेजक पावडर. २०१५ पासून ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे.

एमडीच्या पहिल्या हंगामात आठवड्यातून दोनदा, तेही एप्रिल-मे महिन्यात. पाऊस लागला आणि ते आपोआप थांबलं. ‘तो मनात आणलं तर सोडतो’ असं घरच्यांनी आणि स्वतः सुहासने पुढे कितीतरी वेळा सांगितलं, त्याचा आधार हाच पहिला पावसाळा. दुसऱ्या हंगामात पहिल्याच फेरीपासून रात्री अर्धा ग्रॅम. तिसऱ्यात एक ग्रॅम, आणि आता परतीच्या रिकाम्या गाडीतही.

अडचण उभी कशी राहिली

तिसऱ्या हंगामातला मे महिन्याचा मध्य. साठ तासांहून अधिक जागरण झालेलं. खेड ओलांडल्यावर एक गाडी आपला पाठलाग करते आहे अशी त्याची खात्री पटली. ११० पेट्यांची पिकअप रस्त्याकडेला सोडून तो काजूच्या बागेत लपला. एकोणीस वर्षांच्या क्लीनरने व्यापाऱ्याला फोन लावला. माणूस सापडेपर्यंत सकाळचे अकरा वाजले होते, आणि मेच्या उन्हात ताडपत्रीखाली आंबा उकडून निघाला होता.

घरी आणल्यावर आईने गुरवाकरवी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं. सुहास सलग दोन दिवस झोपला, उठून परातभर जेवला आणि पाठलागाची भाषा बंद झाली. घरच्यांच्या दृष्टीने गाऱ्हाणं लागू पडलं. खरं तर उत्तेजकांमुळे आलेला भ्रम द्रव्य थांबलं आणि झोप मिळाली की बहुतेक वेळा काही दिवसांत ते काही आठवड्यांत ओसरतो. त्यामुळे त्या दोन दिवसांत जो उपाय केला असेल त्याला श्रेय जातं, मग तो देवाचा असो, शेजाऱ्याने दिलेल्या झोपेच्या गोळीचा असो की मामाच्या दोन थोबाडीत मारण्याचा. यात कुणाला हसण्यासारखं काही नाही. पण इथे नऊ दिवस हातचे गेले, कारण सुहास पुन्हा गाडीवर चढला. पाऊस तोंडावर होता आणि उरलेला माल काढायचा होता.

३१ मे रोजी त्याने घराच्या खिडक्यांना आतून खिळे ठोकले, मोबाइल उघडून त्याचे तुकडे केले आणि उशीखाली कोयता ठेवला. भावोजी पोलिसांचा खबऱ्या आहे असं तो म्हणत होता. त्याच भावोजींनी दोन शेजाऱ्यांच्या मदतीने त्याचे हात पंचाने बांधून त्याला रुग्णालयात आणलं.

पहिले तीन दिवस

ताप १०१.८, नाडी १३२, रक्तदाब १६४/१०२. स्नायू झिजल्याची खूण असलेलं सीपीके २,८६०, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.५. ईसीजीत ठोके जलद, बाकी ठीक. अशा वेळी मनोविकार नंतर, शरीर आधी. उत्तेजकांत जीव जातो तो बहुधा ताप, हृदय आणि मूत्रपिंडामुळे. पंचा सोडला, कारण बांधलेला माणूस धडपडतो आणि धडपडीने ताप व सीपीके दोन्ही चढतात. मंद उजेडाची खोली, शिरेतून सलाइन, शांत करणारं लोराझेपाम २ मिलिग्रॅम आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तेवढंच. तापलेल्या रुग्णाला सुरुवातीलाच हॅलोपेरिडॉल या भ्रमावरच्या औषधाचे मोठे डोस दिले तर उष्णता बाहेर पडायला अडथळा येतो आणि फिटचा धोका वाढतो, म्हणून ते टाळलं. रात्रीपासून भ्रमावरचंच दुसरं औषध, ओलान्झापिन १० मिलिग्रॅम.

पहिला खरा निर्णयाचा क्षण लघवीच्या तपासणीत आला. नेहमीच्या पट्टीवर ॲम्फेटामिन निगेटिव्ह. बहीण म्हणाली, “बघा, तो असलं काही घेत नाही.” केसपेपरवर ‘स्किझोफ्रेनिया?’ लिहून झालं होतं. पण ही पट्टी मेफेड्रोन अनेकदा पकडत नाही. त्यासाठी वेगळी पट्टी किंवा प्रयोगशाळेतली मास स्पेक्ट्रोमेट्री लागते. निगेटिव्ह पट्टीचा अर्थ एवढाच की पट्टीला जे ओळखता येतं ते सापडलं नाही.

निदान सुटलं ते रुग्णालयाबाहेर. क्लीनर सकाळपासून फाटकापाशी बसून होता, आत यायची हिंमत नव्हती. समुपदेशकाने त्याला चहाला नेलं आणि आधी स्पष्ट केलं की हे पोलिसांना सांगायला विचारत नाही. मग तो म्हणाला, “दादा एमडी मारतात.” पुरावा म्हणून त्याने डॅशबोर्डातून काढून आणलेलं सुहासचं लायसन्स दाखवलं. प्लास्टिकची एक कड घासून बोथट झाली होती आणि तिथे पांढरा थर बसला होता. पावडर कुटायला आणि तिची रेघ ओढायला तेच वापरलं जात होतं.

मेंदूत काय बदललं होतं

घरच्यांना हे समजावण्यात दोन बैठका गेल्या. त्या सार्थकी लागल्या, कारण पुढचे बरेच निर्णय यावरच अवलंबून होते.

मेंदूच्या मुळाशी असलेल्या व्हेंट्रल टेगमेंटल एरियातल्या पेशी न्यूक्लियस अकम्बन्स या दुसऱ्या भागात डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन सोडतात. काम झालं की पेशीच्या भिंतीतला ट्रान्सपोर्टर ते परत आत ओढून घेतो. खाजणाच्या बांधाला उघाडी असते तशी ही एका दिशेची झडप. कोकेन ही झडप अडवून धरतं, म्हणून डोपामिन बाहेर साचतं. ॲम्फेटामिन आणि मेफेड्रोन झडपेतून आत शिरतात आणि तिला उलटं चालवतात, मग साठ्यातलं डोपामिनच बाहेर लोटलं जातं. मेफेड्रोन सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन या आणखी दोन रसायनांचंही तसंच करतं. झोप उडते, नाडी धावते आणि घाटातली वळणं मजेची वाटतात ती यामुळे.

मेफेड्रोन शरीरातून लवकर उतरतं, रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. वाशीची रात्र आठ-नऊ तासांची. म्हणजे एका फेरीत चार-पाच वेळा ओढणं आलंच. मात्रा अर्ध्या ग्रॅमवरून एकावर गेली ती अशी.

डोपामिन म्हणजे ‘आनंदाचं रसायन’ हे अर्धवट आहे. वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की फळाचा रस अनपेक्षित मिळाला की या पेशी जोरात पेटतात. रसाआधी दिवा लागतो हे माकड शिकलं की पेशी दिव्यालाच पेटतात, रस मिळताना गप्प राहतात. १९९७ मध्ये हे अपेक्षा आणि प्रत्यक्ष मिळणं यांतल्या फरकाच्या गणितात मांडलं गेलं. सुहासचे ‘दिवे’ त्याला विचारून लिहून घेतले: पेट्यांतल्या पेंढ्याचा वास आणि त्यात मिसळलेला पिकू लागलेल्या हापूसचा वास, ताडपत्रीची दोरी आवळताना हाताला होणारा काच, पनवेलच्या अलीकडची एक टपरी, हातात आलेली रोख रक्कम. शेवटी त्याने आणखी एक सांगितलं, संध्याकाळचे साडेपाच.

दुसरा बदल रोजच्या जगण्यातला. कोकेन आणि मेथॲम्फेटामिन दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या पेट स्कॅनमध्ये स्ट्रायटम या मेंदूच्या खोल भागातले, डोपामिनचा निरोप झेलणारे डी-२ रिसेप्टर कमी दिसतात. नोरा व्होल्कोव यांच्या गटाने हे दाखवलं आहे, आणि त्याच लोकांत कपाळामागच्या, आवर घालणाऱ्या भागाचं काम मंदावलेलंही. मेथॲम्फेटामिन सोडलेल्यांत १२ ते १७ महिन्यांनी ट्रान्सपोर्टर बऱ्यापैकी भरून आल्याचं २००१ मध्ये त्यांनीच मांडलं, मात्र स्मरणाच्या आणि हातांच्या चपळाईच्या चाचण्या तेवढ्या सुधारल्या नव्हत्या. सुहासच्या बाबतीत या साऱ्याचा घरगुती अर्थ आईने बरोबर पकडला: “म्हणजे माशाचं कालवणही त्याला गवतासारखं लागणार.” हो, काही महिने.

तिसरी गोष्ट उलट्या चालीची आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत कोकेन बंद केल्यावर खुणांनी जागी होणारी ओढ पहिल्या आठवड्यांत उतरत नाही, महिना-दोन महिने ती चढत जाते. माणसांतही असंच दिसलेलं आहे. पावसाळ्यात पेंढा नाही, फेरी नाही, रोख नाही. त्यामुळे ओढ उगवत नाही, आणि घरच्यांना वाटतं मूळच उपटलं.

पर्याय

मामांचा आग्रह घाटावरच्या एका खाजगी केंद्रात तीन महिने ‘बंद’ ठेवण्याचा होता. त्या केंद्रात मनोविकारतज्ज्ञ रोज येत नव्हते आणि पहिला महिना घरच्यांना भेट नव्हती. नुकताच भ्रमातून बाहेर आलेला, मनाने खचलेला रुग्ण तिथे पाठवणं धोक्याचं ठरलं असतं. शिवाय ते तीन महिने जून ते ऑगस्ट, म्हणजे खुणाच नसलेले.

‘लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल’ हाही प्रस्ताव गंभीरपणे आला. समुपदेशकाने आईला फक्त एक विचारलं: काकू, मुलीच्या आईला आपण काय सांगणार? तो विषय तिथेच मिटला.

औषधाचा पर्याय सविस्तर पाहिला. दारू किंवा अफूवर्गीय व्यसनासाठी आहेत तशी मान्यताप्राप्त औषधं उत्तेजकांच्या व्यसनासाठी नाहीत. २०२१ च्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत मेथॲम्फेटामिनसाठी नाल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन आणि बुप्रोपिऑन हे नैराश्यावरचं औषध एकत्र दिल्यावर १३.६ टक्के लोकांत प्रतिसाद मिळाला, नुसत्या दिखाऊ औषधावर (प्लासिबो) २.५ टक्के. फरक खरा आहे, पण लहान. ताज्या भ्रमानंतर बुप्रोपिऑन देणं शहाणपणाचं नव्हतं. तो मार्ग सोडला.

उरलं ते वॉर्डात दोन आठवडे आणि नंतर बाह्यरुग्ण विभागात बक्षीस-पद्धत: निगेटिव्ह तपासणीला लगेच, ठरलेलं, वाढत जाणारं बक्षीस. उत्तेजकांसाठी सर्वांत भक्कम पुरावा याच पद्धतीचा आहे. ‘व्यसन सोडायला पैसे द्यायचे?’ ही नाराजी पहिल्या दिवशी सगळ्यांच्याच चेहऱ्यावर होती, परिचारिकांच्यासुद्धा.

केलेली कार्यवाही

दाखल केलं ते मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ८९ खाली, आई नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून. या कायद्यात व्यसनाशी जोडलेल्या मानसिक स्थितीही येतात. पाचव्या दिवशी भ्रम गेला. सहाव्या दिवशी तो स्वतः निर्णय घेऊ शकत होता, म्हणून कलम ८६ खाली स्वेच्छेचा प्रवेश. आता त्याला हवं तेव्हा घरी जाता येणार होतं. घरच्यांना हे अजिबात पटलं नाही. तो राहिला, १५ जूनपर्यंत.

पोलिसांची धास्ती घालवायला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम ६४-अ समजावलं. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेईल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं, पण उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. पुढच्या शंकांसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील गाठून दिला.

नवव्या दिवशी सुहास म्हणाला, “विहिरीकडे सारखं बघावंसं वाटतं.” उत्तेजक उतरल्यानंतरच्या उदासीत आत्महत्येचा धोका असतो आणि तो थेट विचारावाच लागतो. आंब्याच्या गावातल्या घरात विहिरीइतकीच धोक्याची जागा म्हणजे पडवीतलं फवारणीचं कीटकनाशक. भावोजींनी त्याच संध्याकाळी सगळ्या बाटल्या आपल्या घरी नेऊन कुलपात ठेवल्या. रात्री-अपरात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे क्रमांक आईच्या फोनमध्ये घातले.

ओलान्झापिन चार आठवडे पूर्ण डोसात, नंतर दोन आठवड्यांत उतरवून बंद. एमडी सोडल्यानंतर महिनाभराने भ्रम टिकून असता तर मूळ मनोविकाराचा विचार पुन्हा करावा लागला असता. तशी वेळ आली नाही.

बक्षीस-पद्धतीची आखणी अशी. मेफेड्रोनच्या वेगळ्या पट्ट्या चौथ्या दिवशीच मागवल्या, आल्या तेराव्या दिवशी. १२ आठवडे, सोमवार-गुरुवार, एकूण २४ तपासण्या. नमुना कर्मचाऱ्यासमोर. पहिल्या निगेटिव्हला ५० रुपये, पुढच्या प्रत्येकीला १० वाढ, पॉझिटिव्ह किंवा गैरहजर असेल तर शून्य आणि पुन्हा ५० पासून. सगळ्या स्वच्छ आल्या तर ३,९६० रुपये. रोख मात्र नाही, कारण रोख हाच एक ‘दिवा’ होता. गावातल्या किराणा दुकानाच्या चिठ्ठ्या दिल्या. पैसे पुरवले ते ११० पेट्यांचं नुकसान सोसलेल्या व्यापाऱ्याने, थोडी कुरकुर करून.

आठ तपासण्या निगेटिव्ह. नववी, जुलैच्या मध्यावरची, पॉझिटिव्ह. त्याआधीच्या शनिवारी हंगामाची थकबाकी म्हणून १८,००० रुपये रोख त्याच्या हातात पडले होते, आणि देणारा तोच व्यापारी, ज्याला रोख देऊ नका हे सांगायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. त्यानंतर पंधरा निगेटिव्ह. एकूण मिळकत २,४८० रुपये.

निकाल

सप्टेंबरपर्यंत तो वजनाने सहा किलो भरला आणि चिऱ्याच्या गाडीवर दिवसपाळी करू लागला. गणपतीत चाकरमानी मित्रांबरोबर रात्री जागवल्या, काही घडलं नाही. सगळे निर्धास्त झाले आणि भेटी महिन्यावर गेल्या.

फेब्रुवारीत पॅकिंग शेडमध्ये पहिला पेंढा उतरला. दारातच तळहात घामेजले, तोंडाला पाणी सुटलं, पोटात कळ आली असं त्याने समुपदेशकाला फोनवर सांगितलं. सात महिने कोरडे गेल्यावर. तातडीने ठरलं ते असं: शेडमधलं प्रतवारीचं काम फक्त सकाळी, साडेपाचच्या आत घरी, मजुरी बँकेत, रात्रीची गाडी नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नेहमीचा ड्रायव्हर आजारी पडला. “एकच फेरी मार रे” म्हटल्यावर त्याला नाही म्हणता आलं नाही. वाशीला एक पुडी घेतली. पहाटे पाचला त्याने स्वतः फोन केला आणि दुसऱ्या दिवशी हजर झाला. भ्रम नाही, दाखल करावं लागलं नाही. पुढचे आठ आठवडे बक्षीस-पद्धत पुन्हा लावली, यावेळी ऐन हंगामात. सोळाही तपासण्या निगेटिव्ह.

अठरा महिन्यांनी: दिवसाचं ड्रायव्हिंग चालू, रात्रीचं नाही. पेट्या मोजताना अजून चुकतो, म्हणून पाचाच्या गटाने रेघा मारतो. खाडीवर गळ टाकायला जातो. पूर्वीसारखी मजा येत नाही म्हणतो, पण जातो.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी चूक वेळेची. बक्षीस-पद्धतीचे बाराही आठवडे खुणा नसलेल्या पावसात खर्ची पडले. निम्म्या तपासण्या जानेवारीअखेर ते मे यांसाठी राखून ठेवायला हव्या होत्या. हंगामी कामगाराच्या उपचाराचं वेळापत्रक डिस्चार्जच्या तारखेवरून नव्हे, पिकाच्या कॅलेंडरवरून आखायला हवं.

पॉझिटिव्हनंतर थेट ५० वर घसरण जरा कठोर होती. ओळीने काही निगेटिव्ह आल्यावर जुन्या रकमेवर परत नेण्याची सोय या पद्धतीत असते, ती ठेवली असती तर जुलैनंतरचे दोन आठवडे त्याने ‘आता काय उपयोग’ म्हणत काढले नसते.

व्यापाऱ्याला पहिल्याच आठवड्यात बैठकीला बसवायचं होतं. जुलैची रोख आणि एप्रिलची फेरी, दोन्ही त्याच्याकडून आल्या. एका गाडीवर दोन ड्रायव्हर ठेवणं त्याला एका हंगामात परवडतं का, हा हिशेबही कुणी त्याच्यासमोर मांडला नाही.

आणि क्लीनर. दोन हंगाम त्याच केबिनमध्ये, तेवढ्याच जागरणात बसलेला हा मुलगा निदानासाठी उपयोगी पडला. तो स्वतः काही घेतो का, हे चहाच्या त्या टेबलावर किंवा नंतर कुणीही विचारलं नाही. पुढच्या मे महिन्यात, वीस पूर्ण होऊन लायसन्स मिळाल्यावर, वाशीच्या रात्रीच्या गाडीवर स्टिअरिंगला तोच होता.